अपडेटनंतर क्वेरी फाटली? आधी कोण हललं ते शोधा

रात्री अपडेट टाकलं, इन्स्टॉलरने 'यशस्वी' म्हटलं, तुम्ही निवांत झोपलात. सकाळी बघता तर मुखपृष्ठ उघडतंय, पण यादीच्या पानावर डेटाबेस एरर. कोडमधली ती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, काढून पाहता. तीन वर्षांत तिच्यातला एक स्वल्पविरामही बदललेला नाही. मग ती आजच का फाटली?

नवखा माणूस इथे क्वेरीच खरवडायला बसतो. एरर शोधायची, पहिलं उत्तर उचलून चिकटवायचं, नाही चाललं तर दुसरं. तासाभराने मूळ दुखणं बाजूला राहतं आणि आपणच केलेल्या चार बदलांची नवी दुखणी सुरू होतात. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच केलं.

आता मी पहिला प्रश्न वेगळा विचारतो: कोण हललं? क्वेरी चालते ती चौघांच्या आपसातल्या समजुतीवर. एक तुमचा कोड, दुसरा स्कीमा म्हणजे टेबलांची रचना, तिसरा डेटाबेस सर्व्हर, आणि चौथा कोड व सर्व्हर यांच्यामध्ये निरोप्याचं काम करणारा ड्रायव्हर. अपडेटमध्ये यांतला एखादा पुढे सरकतो, बाकीचे जागेवरच राहतात. एरर येते ती त्या फटीतून. कोण सरकलं ते एकदा कळलं की दुरुस्ती बऱ्याचदा दोन-चार ओळींची निघते. वेळ जातो तो ओळखण्यात, म्हणून हा लेखही बराचसा ओळखण्याबद्दलच आहे.

(आज्ञा आणि एरर इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच करायच्या.)

हात लावण्याआधी: मोडलेल्या अवस्थेचाही बॅकअप

अपडेटच्या आधीचा बॅकअप तुमच्याकडे असेलच, असं धरून चालतो. तरीही आत्ता, मोडलेल्या अवस्थेत, आणखी एक घ्या. अपडेटनंतर रात्रभरात नव्या नोंदी आल्या असतील, त्या जुन्या बॅकअपमध्ये नाहीत. शिवाय दुरुस्ती करताना काही बिघडलं तर निदान इथवर तरी परत येता येईल. जमत असेल तर साइट देखभालीच्या पानावर टाका, म्हणजे अर्धवट रचनेच्या टेबलांत आणखी डेटा पडणार नाही.

बॅकअप झाला म्हणजे फाइल तयार झाली एवढंच नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेच्या एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. मग बॅकअप शोधायला गेले तर तिथे काहीच नव्हतं. कारण सर्व्हर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीवर गेला होता आणि बॅकअप घेणारं पीजी_डंप मात्र ९.२ चं चालत होतं. जुनं पीजी_डंप नव्या सर्व्हरशी बोलायला नकार देतं. ते रोज नकार देत होतं, आणि अपयश कळवणाऱ्या ईमेलही वाटेतच अडत होत्या. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं, पण त्या सहा तासांतला डेटा गेला. या कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीरपणे सांगितलं, त्यामुळे आपल्याला फुकटात शिकायला मिळालं.

तेव्हा फाइलचा आकार बघा आणि तिच्या शेवटच्या काही ओळी वाचा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं बॅकअप-साधन मायएसक्यूएलडंप नेहमीच्या सेटिंगमध्ये काम पुरं झाल्यावर शेवटी 'डंप कम्प्लीटेड' अशी टीप लिहितं, पीजी_डंपच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्येही शेवटी तशीच ओळ असते. ती नसेल तर फाइल मध्येच तुटली आहे असं समजा.

आणि एक करू नका: अपडेट पुन्हा चालवू नका. पहिल्या वेळी ते अर्ध्यावर थांबलं असेल तर दुसऱ्या वेळी गुंता वाढतो.

खरी एरर लॉगमध्ये असते, आणि ती बहुधा पहिली असते

स्क्रीनवर 'काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा' दिसतं. त्याने काही कळत नाही. म्हणून एरर थेट पानावर दाखवणारं सेटिंग चालू करायचा मोह होतो, पण चालू साइटवर तसं करू नका. टेबलांची नावं, कधीकधी क्वेरीतला डेटासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. ॲप्लिकेशनचा लॉग आणि डेटाबेस सर्व्हरचा लॉग, दोन्ही उघडा आणि अपडेटच्या वेळेपासून पुढे वाचत या. शेवटून मागे वाचू नका.

हे एवढं ठासून का सांगतो? पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लॉगभर पसरलेली एक ओळ दिसते: 'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड, कमांड्स इग्नोर्ड अंटिल एंड ऑफ ट्रान्झॅक्शन ब्लॉक'. नवखे लोक ही ओळ घेऊन दिवसभर उत्तरं शोधतात. ती फक्त एवढंच सांगते की याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पार पडायच्या आज्ञांच्या गटात, आधी काहीतरी फाटलंय, आता मी पुढचं काही ऐकणार नाही. खरा गुन्हेगार तिच्या वर कुठेतरी एकदाच छापलेला असतो. शंभर ओळींच्या गर्दीत ती एक ओळ शोधायची.

एरर सापडली की तिचे तीन भाग वेगळे करून लिहून घ्या: क्रमांक, पाच अक्षरांचा एसक्यूएलस्टेट, आणि संदेश. मायएसक्यूएलमध्ये '१०५४ (४२एस२२)' असं काही दिसेल. लोक संदेश वाचतात आणि क्रमांक सोडून देतात. मी उलटं सांगेन: क्रमांक आधी. संदेशाची भाषा आवृत्तीगणिक थोडी बदलू शकते, क्रमांक सहसा बदलत नाही.

क्वेरी बाहेर काढा आणि हाताने चालवा

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. लॉगमधून अख्खी क्वेरी घ्या, प्रश्नचिन्हांच्या जागी खऱ्या किमती भरा, आणि डेटाबेसच्या क्लायंटमध्ये स्वतः चालवा. क्वेरी अपडेट किंवा डिलीटची असेल तर आधी 'बिगिन', शेवटी 'रोलबॅक' (केलेलं मागे घ्या). ते विसरलात तर ही तपासणीच नवी दुर्घटना ठरेल.

मात्र ज्या डेटाबेस-यूजरने ॲप्लिकेशन जोडलं जातं त्याच यूजरने लॉगिन करा. रूट म्हणून चालवून 'माझ्याकडे तर चालते' म्हणण्यात अर्थ नाही. रूटला सगळी दारं उघडीच असतात.

मग दोनच शक्यता उरतात. हातानेही तीच एरर आली, तर ड्रायव्हर सुटला. भांडण स्कीमा किंवा सर्व्हरशी आहे. हाताने चालली आणि ॲप्लिकेशनमधून फाटली, तर संशय ड्रायव्हरवर, कनेक्शनच्या सेटिंगवर, किंवा ॲप्लिकेशन भलत्याच डेटाबेसला जोडलं गेलंय यावर. शेवटचं हास्यास्पद वाटतं ना? एका अपडेटने माझी कॉन्फिगरेशन फाइल मूळच्या नमुन्याने बदलून टाकली होती आणि ॲप्लिकेशन इमानेइतबारे रिकाम्या चाचणी-डेटाबेसमध्ये टेबलं शोधत होतं. दोन तास मी मायग्रेशन, म्हणजे टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट, तपासत बसलो. तेव्हापासून ॲप्लिकेशनच्याच कनेक्शनवरून तीन गोष्टी विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही: 'सिलेक्ट व्हर्जन()', सध्याचा यूजर कोण, सध्याचा डेटाबेस कोणता. मायएसक्यूएल असेल तर चौथी: या सेशनचा एसक्यूएल_मोड, म्हणजे सर्व्हरने किती कडक वागायचं ते सेटिंग, काय आहे. हा मोड प्रत्येक कनेक्शनला वेगळा असू शकतो, त्यामुळे तुमच्या क्लायंटमधला आणि ॲप्लिकेशनमधला एकच असेल असं गृहीत धरू नका.

'टेबल नाही', 'कॉलम नाही': कोड पुढे गेला, स्कीमा मागे राहिला

मायएसक्यूएलमध्ये ११४६ म्हणजे टेबल सापडलं नाही, १०५४ म्हणजे कॉलम सापडला नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये याच अर्थाचे कोड ४२पी०१ आणि ४२७०३. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०८ आणि २०७. ओरॅकलमध्ये ओआरए-००९४२ आणि ओआरए-००९०४. यांतला ००९४२ जरा फसवा आहे, कारण टेबल असूनही तुम्हाला ते बघायची परवानगी नसेल तरी तो हेच म्हणू शकतो.

ॲप्लिकेशन अपडेट केल्यावर येणाऱ्या एररमध्ये ही जात फार आढळते. नवा कोड नवा कॉलम मागतो, आणि तो कॉलम तयार करणारं मायग्रेशन चाललेलंच नसतं किंवा अर्ध्यावर थांबलेलं असतं. बहुतेक फ्रेमवर्क कोणतं मायग्रेशन झालं याची वही डेटाबेसमध्येच एका टेबलात ठेवतात: जँगोत जँगो_मायग्रेशन्स, लाराव्हेलमध्ये मायग्रेशन्स, फ्लायवेत फ्लायवे_स्कीमा_हिस्टरी. वर्डप्रेस ऑप्शन्सच्या टेबलात डीबी_व्हर्जन नावाचा आकडा ठेवतं. ही वही आणि नव्या कोडसोबत आलेली मायग्रेशनची यादी शेजारी ठेवून ताडून बघा.

वही सांगते ते खरंच असेल याची मात्र खात्री नाही, आणि इथे मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल यांचा स्वभाव वेगळा आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणाऱ्या बहुतेक आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. मायग्रेशन मध्ये फसलं तर सगळं जसंच्या तसं मागे जातं. मायएसक्यूएलमध्ये 'ऑल्टर टेबल' चालताच आधीचं सगळं आपोआप कमिट होतं. पाच कॉलम वाढवायचे होते, तिसऱ्यावर फसलं, तर दोन कॉलम टेबलात राहतात आणि वहीत नोंद नसते. मग तुम्ही मायग्रेशन पुन्हा चालवता आणि १०६० येते: 'डुप्लिकेट कॉलम नेम'. घाबरून तो कॉलम पाडू नका, त्यात डेटा पडला असू शकतो. 'शो क्रिएट टेबल' चालवा, प्रत्यक्षात काय आहे ते बघा, उरलेले तीन कॉलम हाताने वाढवा, आणि मग वहीत नोंद करा. क्रम हाच ठेवा. नोंद आधी केलीत तर काम राहून जातं आणि ते कुणालाच कळत नाही.

टेबल समोर दिसत असूनही 'नाही' म्हणत असेल तर नावाच्या लहान-मोठ्या अक्षरांकडे बघा. विंडोजवरचा मायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये टेबलाच्या नावात हा भेद मानत नाही, लिनक्सवरचा मानतो. अपडेटच्या निमित्ताने सर्व्हरही बदलला असेल तर हे हमखास उपटतं. पोस्टग्रेएसक्यूएल अवतरणाशिवाय लिहिलेलं प्रत्येक नाव लहान अक्षरांत नेतो. टेबल मोठ्या अक्षरांत तयार झालं असेल तर ते दुहेरी अवतरणांतच मागावं लागतं.

सगळं जागेवर आहे, तरी एरर? ॲप्लिकेशन पूर्ण बंद करून चालू करा. जुनी कनेक्शनं आणि जुनी स्मृती धरून बसलेल्या प्रक्रिया असतात. पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी 'कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप' असं म्हणतो, आणि त्यावर साधा उपाय म्हणजे नवं कनेक्शन.

१०६४: सर्व्हरची भाषा बदलली

आता सर्व्हर हलल्याच्या खुणा. एका स्पर्धेच्या निकालांची छोटी साइट मी सांभाळायचो. संघांसाठी 'ग्रुप्स' नावाचं टेबल होतं. मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर गेलो आणि 'सिलेक्ट * फ्रॉम ग्रुप्स व्हेअर आयडी = ७' ही शेंबड्या पोरालाही कळेल अशी क्वेरी १०६४ देऊ लागली: वाक्यरचनेत चूक, 'निअर ग्रुप्स व्हेअर आयडी = ७'.

'निअर'नंतरचा तुकडा कसा वाचायचा ते इथे शिकून घ्या. सर्व्हर वाक्य डावीकडून वाचत येतो आणि जिथे अडखळतो तिथून पुढचा मजकूर दाखवतो. म्हणजे दोष त्या तुकड्याच्या पहिल्या शब्दात असतो, किंवा त्याच्या लगेच आधी. तुकड्याच्या शेवटाकडे बघत बसू नका. माझ्या क्वेरीत पहिला शब्द होता 'ग्रुप्स', आणि ८.० मध्ये तो राखीव शब्द, म्हणजे सर्व्हरने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेला, झाला होता. विंडो फंक्शन्स (ओळींच्या गटावर हिशेब करणारी) आली आणि त्यांच्यासोबत रँक, रो_नंबर, लीड, लॅग, ओव्हर, विंडो अशी राखीव शब्दांची अख्खी वरातच आली. शिवाय 'सिस्टम' हाही राखीव झाला. यांतलं 'रँक' तर कॉलमचं नाव म्हणून किती जणांनी वापरलं असेल!

तात्पुरता उपाय सोपा: मायएसक्यूएलमध्ये त्या नावाभोवती बॅकटिक, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरण. कायमचा उपाय म्हणजे नाव बदलणं. क्वेरी दहा-वीस असतील तर मी नाव बदलतो. शंभर ठिकाणी वापर असेल आणि त्यातल्या निम्म्या क्वेरी दुसऱ्यांच्या प्लगइनमध्ये असतील तर बॅकटिक लावून गप्प बसतो.

१०५५ आणि मंडळी: सर्व्हर कडक झाला

या भागावर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे चुकीचा उपाय सगळ्यात पटकन सापडतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मायएसक्यूएल ५.७ आलं, तेव्हा मूळ सेटिंगच कडक झालं. ज्या चुका आधी नुसती सूचना देऊन पोटात घातल्या जायच्या त्या एरर झाल्या. १३६४: कॉलमला किंमत दिली नाही आणि त्याला मूळ किंमतही नाही. १४०६: मजकूर कॉलममध्ये मावत नाही, आधी तो निमूटपणे कापून साठवला जायचा. १२९२: '००००-००-००' ही तारीख चालणार नाही. आणि सगळ्यांची मोठी ताई १०५५, म्हणजे 'ओन्ली_फुल_ग्रुप_बाय'.

तिची गोष्ट अशी. ऑर्डरच्या टेबलातून प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर हवी म्हणून कुणीतरी लिहिलं: 'सिलेक्ट ग्राहक_आयडी, मॅक्स(तारीख), रक्कम फ्रॉम ऑर्डर्स ग्रुप बाय ग्राहक_आयडी'. ग्राहक क्रमांक ५ च्या तीन ऑर्डर आहेत: जानेवारीत २००, मार्चमध्ये ९००, जूनमध्ये ३५०. मॅक्समुळे तारीख जूनची येणार. पण रक्कम? तीन ओळींची एक ओळ होताना तीनपैकी कोणती रक्कम घ्यायची हे क्वेरीत कुठेच सांगितलेलं नाही. जुना मायएसक्यूएल हाताला लागेल ती उचलायचा, बहुधा पहिली. म्हणजे जूनची तारीख आणि जानेवारीचे २००. रिपोर्ट दिसायला नीटनेटका, आकडा खोटा. नवा सर्व्हर म्हणतो, रक्कम कोणती ते सांगा, नाहीतर मी चालवणार नाही.

म्हणजे क्वेरी अपडेटने मोडली नाही. ती पहिल्या दिवसापासून मोडलेली होती, आज पकडली गेली. यावर सगळीकडे सापडणारं उत्तर म्हणजे एसक्यूएल_मोड रिकामा करा. केलात की एरर जाते, आणि खोटा आकडा परत येतो. सोबत तारखांची, कापलेल्या मजकुराची सगळी ढिलाईही परत येते, कारण तुम्ही एक नियम काढायच्या नादात सगळेच काढले.

दुकान बंद ठेवणं परवडत नसेल तर मी हे मान्य करतो: तेवढा एकच नियम, तेवढ्याच ॲप्लिकेशनच्या सेशनपुरता काढा, आणि तो कधी परत लावायचा ती तारीख कोडमध्ये शेजारी लिहा. मग क्वेरी नीट करा. आधी एका उपक्वेरीत प्रत्येक ग्राहकाची शेवटची तारीख काढा आणि ती पुन्हा ऑर्डर्सशी जोडा, किंवा ८.० असेल तर रो_नंबर वापरून प्रत्येक ग्राहकाच्या ऑर्डर तारखेने उतरत्या लावा आणि पहिली घ्या. कधीकधी कॉलमची किंमत गटातल्या सगळ्या ओळींत सारखीच असते, उदाहरणार्थ ग्राहकाचं नाव. तिथे तो कॉलम ग्रुप बायमध्ये घाला किंवा 'एनी_व्हॅल्यू()' वापरा. हे फंक्शन म्हणजे 'कोणतीही चालेल' असं लेखी देणं. खरंच कोणतीही चालत असेल तेव्हाच द्या.

१२६७: अक्षरांची भांडणं

'इलिगल मिक्स ऑफ कोलेशन्स'. कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम. एप्रिल २०१८ च्या मायएसक्यूएल ८.० मध्ये मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१ वरून यूटीएफ८एमबी४ झाला आणि त्याचं मूळ कोलेशनही नवं आलं. तुमची जुनी टेबलं जुन्या कोलेशनमध्येच राहतात, अपडेटनंतर तयार झालेली नव्यात जाऊ शकतात, आणि दोघांना मजकुराच्या कॉलमवर जोडायला गेलं की ही एरर.

जुन्या मायएसक्यूएलमधलं 'यूटीएफ८' हे खरं तर तीन बाइटपर्यंतचंच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून मराठी मजकूर त्यात सुखाने राहतो आणि आपल्याला सगळं आलबेल वाटतं. बहुतेक इमोजी चार बाइटचे. जुना ढिला सर्व्हर इमोजीपासून पुढचा मजकूर कापून टाकायचा; कडक सर्व्हर १३६६ देतो.

उपाय: दोन्ही टेबलं एका कोलेशनवर आणा. पण सगळा डेटाबेस एका दमात बदलू नका. एक टेबल, तेही आधी प्रतीवर. जुन्या टेबल-रचनेत इंडेक्सला (शोध वेगवान करणाऱ्या सूचीला) ७६७ बाइटची मर्यादा असते. चार बाइटच्या हिशेबाने त्यात १९१ अक्षरं मावतात, २५५ नाही. जुन्या प्रणालींमध्ये १९१ हा विचित्र आकडा दिसतो तो इथून आलेला.

दारावरच अडवलं तर

लॉगिन आणि परवानग्यांचं थोडक्यात. मायएसक्यूएल ८.० मध्ये पासवर्ड तपासायची मूळ पद्धत कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड झाली. जुन्या ड्रायव्हरला ती समजत नाही. ८.४ मध्ये जुनी नेटिव्ह पद्धत मूळ सेटिंगमध्ये बंद आहे आणि ९.० मधून ती काढूनच टाकली. त्यामुळे यूजरला जुन्या पद्धतीवर परत नेण्याऐवजी ड्रायव्हर अपडेट करा. ऑक्टोबर २०२२ च्या पोस्टग्रेएसक्यूएल १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमात मालकाशिवाय इतरांना परवानगीविना टेबल तयार करता येत नाही; 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' दिसलं तर त्या यूजरला तेवढी परवानगी द्या. सुपरयूजर करू नका.

ड्रायव्हरने तोंड उघडलं

कधी सर्व्हर तोच, स्कीमा तोच, फक्त प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती बदललेली असते. नोव्हेंबर २०२१ च्या पीएचपी ८.१ पासून तिचा मायएसक्यूएलसाठीचा ड्रायव्हर मायएसक्यूएलआय फसलेल्या क्वेरीवर अपवाद (काम थांबवणारी एरर) फेकतं. आधी ते नुसतं 'फॉल्स' परत करायचं आणि निम्मा कोड ते बघतच नसे. त्यामुळे अपडेटनंतर वीस ठिकाणी 'नव्या' एरर दिसतात. खरं तर त्या क्वेरी आधीही फसतच होत्या, फक्त कुणी ओरडत नव्हतं. जुनं वागणं परत आणणारी एक ओळ आहे, पण मी त्या वीस जागा एकेक करून तपासेन. त्यातली एखादी पाच वर्षं न साठवलेली नोंद निघते.

उलट प्रकारही होतो. मायएसक्यूएल ८.० ने 'नो_ऑटो_क्रिएट_यूजर' हा मोड काढून टाकला. जुनं ॲप्लिकेशन कनेक्शन जोडताच तो मोड मागतं आणि १२३१ खाऊन बसतं. क्वेरीपर्यंत गाडी पोचतच नाही. हाताने मात्र सगळं चालतं. वरची हाताने चालवायची पायरी आठवते ना?

एरर नाही, पण काहीतरी चुकतंय

तीन गोष्टी माहीत असू द्या. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत ग्रुप बाय केल्यावर ओळी आपोआप क्रमाने यायच्या, ८.० मध्ये ते बंद झालं. यादी विस्कटली असेल तर ऑर्डर बाय लिहा, जे आधीच लिहायला हवं होतं. पोस्टग्रेएसक्यूएलची मोठी आवृत्ती बदलल्यावर सगळं कूर्मगतीने चालत असेल तर 'ॲनालाइझ' चालवा. १७ पर्यंतच्या आवृत्त्यांत पीजी_अपग्रेड डेटाबद्दलची आकडेवारी सोबत आणत नाही आणि सर्व्हर अंदाजाने रस्ते निवडतो.

तिसरी भीतीदायक आहे. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. पोस्टग्रेएसक्यूएलला हात न लावता फक्त ऑपरेटिंग सिस्टम अपडेट केली, तरी मजकुरावरचे जुने इंडेक्स जुन्या क्रमाने लागलेले राहतात. शब्दकोशाची पानं मागेपुढे झाल्यासारखं होतं: ओळ टेबलात असते, शोधली तर सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) असूनही दुहेरी नोंदी शिरतात. मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स 'रीइंडेक्स' करा, आणि दुहेरी नोंदी आधीच शिरल्या असतील तर त्या निस्तरल्याशिवाय युनिक इंडेक्स नव्याने बांधलाच जाणार नाही.

दुरुस्ती, आणि माघार

दुरुस्ती प्रतीवर, एका वेळी एक बदल, आणि प्रत्येक बदलाची वेळेसकट नोंद. दोन बदल एकदम केलेत आणि एरर गेली, तर कशाने गेली ते कळणार नाही, आणि अनावश्यक बदल तुमच्याकडे कायमचा राहील.

मागे फिरायचं असेल तर लवकर ठरवा. ॲप्लिकेशनचा कोड मागे नेणं सोपं, स्कीमा मागे नेणं अवघड, सर्व्हर मागे नेणं त्याहून अवघड. मायएसक्यूएल ८.० ने एकदा डेटा डिरेक्टरी बदलली की ५.७ ती उघडत नाही. जुना बॅकअप नव्याने भरावा लागतो आणि मधल्या नोंदी हाताने आणाव्या लागतात. प्रत्येक तासाला त्या वाढत जातात. मी स्वतःला दोन तास देतो. तेवढ्यात कोण हललं हेच कळलं नाही, तर माघार.

एरर गेली की लगेच लॉग बंद करू नका. दिवसभर लोक वापरतात ती पानं तर तपासालच, पण रात्री चालणारी कामं, आठवड्याचा ईमेल आणि महिनाअखेरचा रिपोर्ट यांच्या क्वेरी अजून नव्या सर्व्हरवर एकदाही चाललेल्या नसतात. त्या मुद्दाम आजच, दिवसाउजेडी, हाताने चालवून बघा.